पाच नंबरचं भूत

त्या दुपारी कोराडीच्या आमच्या कॉलनीत मुंगीलाही जागा नव्हती. गच्चीवर, कंपाउंडवर, उभ्या स्कूटरवरसुद्धा माणसं! मध्ये माझी यमुकाकू गुडघ्यांवर, आणि तिच्या पाठीवर चिमटेबाबांचा लोखंडी चिमटा. सटाक्! सटाक्! ब्लाउज फाटला, रक्त आलं. आणि लोक? हात जोडून उभे!

चार महिन्यांपूर्वी काकूचा मुलगा उन्मेष तिच्या डोळ्यांदेखत कोळशाच्या ट्रकखाली गेला. तेव्हापासून ती त्याचं ताट वाढायची, त्याच्याशी बोलायची, झोपेतून किंचाळत उठायची. बाबांचं निदान तयारच होतं. "पोट्टं गेलंच नाही! मायच्या अंगात बसून राहिलं!"

आमच्याकडे दहाव्याला पीठ पसरून, झाकून, त्यात पावलं उमटली का बघतात. बाबांनी तेच उचललं. तीन दिवस आधी 'मंत्रायला' म्हणून काकूकडे उन्मेषदादाची चप्पल मागितली होती. आता पाटावर ज्वारीचं पीठ, वर आतून लाल कापड लावलेलं सूप उपडं. दोन्ही हातांनी ते दाबत आरोळी, "ये गा उन्मेष, ये!"

सूप उचललं. पिठात पाऊल! पाचही बोटांसकट! बाया हुंदके देऊ लागल्या.

"आता तापलेला चिमटा कपाळावर ठेवला," बाबा गरजले, "की पोट्टं बाहेर!"

चिमटा निखाऱ्यात लालभडक झाला. मनोहरकाकांनी काकूचे हात धरले. स्वतःच्या बायकोचे!

गेल्या वर्षीपर्यंत मी फळ्यासमोर उभी राहायलाही थरथरायचे. त्या दिवशी सरळ पाटाशी घुसले.

"दादाले नऊ नंबरची चप्पल लागे! हे तं पाच नंबरचं पाऊल हाय!"

"मेल्यावर आत्मा आकसते वं पोरी!" बाबा खेकसले.

"बरोबर माझ्या मापाची आकसते?" मी पिठातल्या पावलात पाय ठेवला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत फिट्ट. "मंग मीच मेली काय?"

कोणीतरी फिसकन हसलं. त्याच क्षणी बाबांचा तापलेला चिमटा माझ्या दंडावर बसला. कातडी चरचरली. पडता पडता मी सूप ओढलं, लाल कापड टराटरा फाडलं. आत चिकटवला होता माझ्या हरवलेल्या जांभळ्या चपलेचा तळ, पावलासारखा कापून, रबरी बोटं लावून. सूप दाबलं की छाप!

मग हात जोडणारेच बाबांना लाथा घालू लागले. "मारू नका, पोलिसांले बोलवा!" मी ओरडत राहिले.

"तुही जांभळी चप्पल मीच देल्ली, भैरवी," काकू पुटपुटली. "त्याची मले देववली नाही."

"मंग मार काहून खाल्ला?"

"त्या दिवशी दही आणाले मीच धाडलं होतं त्याले. मार बसला की बरं वाटे."

माझ्या भाजलेल्या दंडापेक्षा ते वाक्य जास्त झोंबलं.

पोलीस बाबांना घेऊन गेले, आणि आम्ही काकूला दवाखान्यात नेलं. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, असा भयंकर मृत्यू डोळ्यांसमोर घडला की गेलेल्याचा आवाज ऐकू येतो, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतो, आपणच मारलं असं वाटतं. हे भूत नाही, दुःखाची जखम आहे. तिच्यावर उपचार होतात.

परवा काकू पहिल्यांदा मोठमोठ्यानं रडली. काका घाबरले. "पुन्हा अंगात आलं का वं?"

"नाही गा काका. तिचं लेकरू गेलं. रडू द्या."

काका तिच्या शेजारी बसले आणि तेही रडले.

तुमच्या घरात कोणी असं तुटलं असेल, तर त्याला बाबाकडे नेऊ नका. दवाखान्यात न्या. त्याचं ऐका. मारून कुणाचंही दुःख बाहेर पडत नाही.