कोरडी गिळलेली गोळी

मी एक जुनी पेशी आहे, वनमालाबाईंच्या यकृतातली. उजव्या बाजूला, फासळ्यांच्या आड माझं घर. मला डोळे नाहीत. बाहेरचं जे कळतं ते रक्तातून आलेल्या निरोपांमुळे, आणि थोडंफार फासळ्यांतून घुमत येणाऱ्या आवाजांमुळे. म्हणून माझी हकीकत जरा गोंधळलेली वाटेल, मित्रांनो. त्या दिवशी मी गोंधळले ती अजून पुरती सावरलेली नाही.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. वनमालाबाईंचे यजमान दिवाकरराव नव्या सरकारी कार्यालयात रुजू झाले आणि नागपूरकडचं हे कुटुंब तिथल्या तात्यापारा वस्तीत राहायला आलं. त्याच सुमारास एका पेशीच्या दोन पेशी झाल्या, त्यातली एक मी. बारसं नाही, लाड नाहीत, जन्मल्या जन्मल्या कामाला जुंपले गेले.

माझ्या पोटात विकरं राबतात. विकर म्हणजे एन्झाइम. एकेकाला एकच काम येतं, पण ते चुटकीसरशी उरकतं आणि स्वतः न संपता पुढच्या कामाला लागतं. कोणी साखरेचे कण जोडून साठा करतं, कोणी तोच साठा तोडून साखर मोकळी करतं. जोडायच्या कामाला ऊर्जा लागते. ती एटीपी नावाच्या रेणूत भरलेली असते. काम झालं की एटीपी रिकामा होतो, मग माझ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, अन्न जाळून त्याला पुन्हा भरतात, इमर्जन्सी लाइटची बॅटरी चार्ज करावी तशा. या सगळ्या जोडतोडीला शहाणी माणसं चयापचय म्हणतात. मी आपला संसार म्हणते.

कौतुक म्हणाल तर ते सगळं हृदयाच्या वाट्याला. एकदा डॉक्टरांनी पोट दाबून "लिव्हर ठीक आहे" एवढंच म्हटलं, तर मी किती दिवस फुशारून गेले होते.

वनमालाबाईंना साखरेचा आजार. रोज सकाळी त्या गोळी घेत. गोळी पोटात गेली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि माझ्याकडे हुकूम येतो: साखर साठवा, बाहेर सोडू नका. पाठोपाठ नाश्त्याची साखर येते. आधी हुकूम, मग माल, हे माझ्या अंगवळणी पडलं होतं.

हरतालिकेला त्या दरवर्षी दूध-केळी घेऊन उपास करत. त्या वर्षी शेजारची गोदावरी दीदी तीजासाठी, म्हणजे छत्तीसगडी हरतालिकेसाठी, माहेरी आली होती. इकडच्या बायका आदल्या दिवशी कारल्याची भाजी आणि भात खातात, त्याला करू भात म्हणतात, आणि मग पाण्याचा थेंबही घेत नाहीत. ते पाहून वनमालाबाईंना आपल्या केळ्याची लाज वाटली. नवऱ्याच्या आयुष्यासाठी आपल्याच्यानं एवढंही होऊ नये? त्यांनीही करू भात खाल्ला आणि निर्जळी उपास धरला. पण सकाळी सवयीनं हात गोळीकडे गेला. औषधानं काही उपास मोडत नाही असं पुटपुटत त्यांनी ती कोरडीच गिळली.

हुकूम आला. मी साठ्याला कुलूप लावलं. माल मात्र आलाच नाही. दुपार झाली, रक्तातली साखर घसरत चालली. तेवढ्यात ॲड्रेनालिन धावत आलं: साठा फोडा, साखर सोडा. इकडे इन्सुलिन म्हणे, खबरदार. माझी विकरं एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. मी कोणाचं ऐकायचं? साठाही फारसा उरला नव्हता. वर मेंदू साखरेवाचून तडफडत होता. मला फार भीती वाटली.

बाहेरही गोंधळच. वनमालाबाईंना दरदरून घाम फुटला. मुलीला, अनुश्रीला, त्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाका मारू लागल्या. "शर्मिष्ठे, अंधार काहून करून ठेवला?"

"आई, मैं अनुश्री हूं। दोपहर है अभी।"

अनुश्रीनं साखरपाणी आणलं. वनमालाबाईंनी दात आवळले. "पाणी नको. उपास हाय माहा." आईचं व्रत आपल्या हातानं कसं मोडायचं, म्हणून पोरगी ग्लास धरून तशीच थबकली. मला थेंबही मिळेना.

आवाज ऐकून गोदावरी दीदी आली. तिनंही दिवसभर पाणी घेतलं नव्हतं. "हव, व्रत तो मेरा भी है," ती होकार देत म्हणाली. "पर जान पहले है। पिला दे। पाप लगेगा तो मेरे सिर।"

तिनं समजावून समजावून एकेक घोट घ्यायला लावला. रक्तात साखर आली, मेंदू शांत होऊ लागला. गोळीचा जोर अजून उतरला नव्हता, म्हणून दोघींनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे सलाइनमधून साखर आली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दिवाकरराव कार्यालयातून थेट तिथे आले. वनमालाबाई रडत होत्या. "उपास मोडला ना माहा. काहून पाजलं मले?"

दिवाकरराव त्यांच्या उशाशी टेकले. मग म्हणाले, "माह्या आयुष्यासाठीच होता ना उपास? तूच नसशील तं ते आयुष्य मी एकटा काय करू?"

मित्रांनो, मला व्रत कळत नाही. मला फक्त हुकूम कळतो आणि माल आला की नाही ते कळतं. मी आता थकले. लवकरच माझ्या जागी दुसरी पेशी येईल, आणि हुकूम आला की तीही मुकाट्यानं कुलूप लावील. तुमच्या घरात कोणी साखरेच्या आजाराची गोळी घेत असेल, तर उपासाआधी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. नुसतं सांगू नका, हाताला धरून न्या. आतून मला हाक मारता येत नाही.