तारीख सप्टेंबरची

आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर एप्रिलच्या शेवटी एक कागद लागला. थोरल्या भागोजीशेठचा नातू दर्शन आता कारखाना बघायचा. त्यानेच तो कामावरच्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवला. रस विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीची अट होती, हंगामात कामाला येणाऱ्या प्रत्येकाचा करोनाचा तिसरा डोस झालेला हवा. सोमवारी नर्स इथेच येईल, खर्च कारखान्याचा. ज्याचा डोस नाही, त्याला एक मेपासून आत घ्यायचं नाही.

कागद वाचून संपायच्या आत कालवा उठला.

“दोन घेतले ते काय पाण्यात गेले?” विमला म्हणाली. “दुसऱ्याला चार दिवस अंथरूण धरलं होतं मी. मी नाय घेणार. आंबा काय माझा दंड बघून गोड होतो?”

“तू नकोच घेऊ, वैनी,” पेट्या उतरवणारा धोंडू म्हणाला. “तुझ्या जिभेला करोना भितो.”

“कोय घालीन तोंडात, मेल्या!”

सखू पोट धरून हसली. तिला सुईचं भय नव्हतं. तिच्या लहानपणी देवीची लस टोचणारा गावात आला की आया पोरांना गवताच्या उडवीमागे लपवायच्या. सखूच्या आईने तिला हाताला धरून पुढे नेलं होतं. त्या खुणा दंडावर अजून होत्या. या कारखान्यात तिचा हा बत्तिसावा हंगाम. आंबे निवडायच्या टेबलाच्या तोंडाशी तिची जागा. आंबा नुसता हातात घेऊन ती सांगायची, आत साका आहे की नाही. साका म्हणजे गरातला पांढरा, आंबट, स्पंजासारखा भाग. बाहेरून तो कुणालाच दिसत नाही. नवरा गेल्यापासून वर्षभर ती कोंबड्यांशी बोलायची. माणसांत यायची ती या चाळीस दिवसांत.

सोमवारी सगळ्या रांगेत बसल्या. शिव्या घालत का होईना, विमलाही बसली. सखूचा नंबर आला तेव्हा आरोही नावाच्या त्या तरण्या नर्सने कंप्युटरवर दोनदा पाहिलं.

“आजी, बाकी सगळ्यांचा दुसरा डोस जुलैत झालाय. तुमचा डिसेंबरात. मध्ये नऊ महिने जावे लागतात. तुमची तारीख सप्टेंबरची येते.”

“सप्टेंबरात आंबा असतो का गो, बाय?”

आरोहीने कंप्युटर तिच्याकडे वळवला, तारखेवर बोट ठेवलं.

“मग पाण्याची सुई टोच, अन् लिही झालं म्हणून.”

“नाही हो आजी. तारखेआधी कंप्युटर घेतच नाही.”

जुलैत सखूलाही लसीच्या नंबराची चिठ्ठी मिळाली होती. पण पुतण्या विनीत तेव्हा मुंबईहून येऊन गावात अडकला होता. दुसऱ्या डोसाशिवाय ऑफिसात घेईनात, नोकरी जायची वेळ आलेली. चाकरमान्याचं आधी बघायचं, ही घरची रीतच. सखूने आपली चिठ्ठी त्याच्या हातात दिली. पुढे लस संपली, ऑगस्टात तिलाच करोना झाला, आणि बरी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, तीन महिने थांबा.

ती दर्शनकडे गेली. तो खुर्चीतून उठला, तिला बसा म्हणाला.

“मावशी, माझ्या हातात असतं तर? पुढल्या वर्षी या.”

“पुढल्या वर्षाचं कुणी बघितलंय, बाबा? आणि साका कोण बघेल?”

“बघू काहीतरी.”

घरी येऊन तिने विनीतला फोन लावला. तो कंप्युटरवर काम करायचा. त्याला ती तारीख अलीकडे आणता येईल, असं तिला वाटलं.

“तसं नाही करता येत, काकी. पण तू एवढा उशीर का केलास?”

“अरे, ती चिठ्ठी तुला...”

“कुठली चिठ्ठी? माझा नंबर होताच की त्या दिवशी.”

“असेल बाबा,” सखू म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

एक मेपासून बायकांचा टेंपो सवयीने तिच्या वळणावर थांबायचा, हॉर्न द्यायचा. पहिल्या दिवशी ती रस्त्यावर जाऊन ‘जा’ म्हणून हात करून आली. दुसऱ्या दिवसापासून हॉर्न ऐकला की घरामागे जाऊन बसायची.

आठवड्याने विमला आली.

“तुझ्या जाग्यावर मला बसवलंय गो.”

“साका कळतो?”

“डोंबल कळतो. येईल तो आंबा पुढं ढकलते.”

“मग? रस बिघडत नाय?”

“कोण काय बोलत नाय. रस तसाच जातो.”

सखूने मान हलवली. चुलीवर चहा ठेवला, कपात ओतून विमलाला दिला. विमला निघाली तेव्हा सखू म्हणाली, “ड्रायव्हरला सांग, आमच्या वळणावर हॉर्न देऊ नको म्हणून.”

दुसऱ्या दिवशीही ती पहाटेच उठली, आंघोळ केली, कामाचं जुनं लुगडं नेसली, भाकरी फडक्यात बांधली. सात वाजता टेंपो वळणावरून न थांबता गेला. आत बायका हसत होत्या. तिने फडकं सोडलं आणि तिथेच बसून भाकरी खाऊन टाकली. मग पुढचा सगळा दिवस उरला होता.