कुंभारणीचं बिऱ्हाड

चांगदेवचा माड पडला तो भल्या सकाळी, आणि पडला तोही असा बेताने की राममंदिराकडे जाणारी गल्ली बरोबर मधोमध अडली. वारा नाही, वादळ नाही. शेंडा भुंग्याने खाल्लेला, बुडखा वाळवीने पोखरलेला. "चांगूकाका, तो माड काढा," असं अख्खी वाडी संक्रांतीपासून सांगत होती आणि "काढू की," असं चांगदेवही संक्रांतीपासून म्हणत होता. शेवटी माडालाच कंटाळा आला असावा. तो आपला आपण निघाला.

गल्लीच्या दोन्ही अंगांना जांभ्या दगडाचे गडगे, कुंपणाच्या भिंती. त्यांच्यावर माड आडवा, छातीइतक्या उंचीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाकून जावं, एवढंच. पण आज रामनवमीच्या उत्सवात दामोदरबुवा पेणकरांचं कीर्तन होतं आणि बुवांचे दोन्ही गुडघे नवे बसवलेले. वाकायचं नाही, चढायचं नाही, खडबडीतून चालायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. त्यांची गाडी थेट देवळाच्या पायरीशी लागली तरच कीर्तन. खाडीकडचा दुसरा रस्ता पाण्याच्या पाइपासाठी खणून ठेवलेला.

बातमी शेजारच्या नागावला पोचायला वेळ लागला नाही. तिथल्या उत्सववाल्यांचा लगेच फोन. "चांगदेवशेठ, रस्ता बंद झाला म्हनतात. काळजी करू नका, बुवांना आमच्याकडं उतरवून घेतो. मांडव तयार हाय, पेढेपन आनलेत."

"पेढे तुम्हीच खा," म्हणून चांगदेवने फोन ठेवला. बुवांची तारीख मिळवायला तो पेणला किती खेपा घालून आला होता. कुठलंही कीर्तन असो, मागे उभं राहून झांज धरायला चांगदेव हजर. आणि आज त्याच्याच माडाने रामापुढचं कीर्तन पळवून नागावच्या पदरात घातलं, तर वाडीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

माडावर कुऱ्हाड चालत नाही, अडकते. आतला चिवट काथ्या पातं धरून ठेवतो. तेव्हा चांगदेवने वळचणीला टांगलेली चेनसॉ काढली. मागच्या मोठ्या वादळात बागा झोपल्या तेव्हा घेतलेली. वाडीत तिला सगळे कटर म्हणत. फडक्याने पुसली, नमस्कार केला आणि दोरी ओढली.

फुर्रर्र.

परत ओढली. फुर्रर्र. "सियावर रामचंद्र की जय!" म्हणून ओढली. रामाचं नाव ऐकून ती एकदा खोकली आणि गप्प बसली.

"देवाला नको मधी घालू, काका," गडग्यावरून निकेत म्हणाला. निकेत शेजारचा. नागावच्या किनाऱ्यावर पाण्यातल्या स्कूटरींची इंजिनं सांभाळायचा. आज सुट्टीवर होता आणि सुट्टीच्या दिवशीही त्याच्या खिशात पाना असायचा. "पेट्रोल कधीचं?"

"दिवाळीचं."

"दिवाळीचा फराळ आज खाशील काय?"

"तुझ्या काकीनं ठेवला असता तर खाल्ला असता."

निकेतने जुनं पेट्रोल ओतून टाकलं, आपल्या गाडीतलं ताजं काढलं, त्यात ऑइल मोजून घातलं आणि बाटली हलवली. भरलं, ओढलं. फुर्रर्र. फिल्टर काढला. त्यात भुशाचा थर. सोनूबाईने, म्हणजे चांगदेवच्या बायकोने, जुना दातांचा ब्रश आणून दिला. फिल्टर लख्ख झाला. फुर्रर्र. प्लग काढला तर ओलाचिंब.

"पेट्रोल तर पोचतंय," निकेत म्हणाला. त्याने प्लग पुसला, वायर जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि चांगदेवला दोरी ओढायला लावली. निळी ठिणगी टिचकन उडाली. "बघ, ठिणगीपन हाय."

"पेट्रोल हाय, ठिणगी हाय, मग हिला पायजेल तरी काय?"

"ओटी भरायची र्‍हायलीय," सोनूबाई म्हणाली.

निकेतने प्लग बसवला आणि दोरी हातात घेतली. त्याने ओढत जावं आणि चांगदेवने उकिडवं बसून ऐकत जावं. काहीतरी त्याच्या ओळखीचं होतं त्या आवाजात. नवशिके कीर्तनकार असेच अडकतात. पद उचलताना छातीभर दम घेतात आणि तो सोडायचा कसा ते न कळून घशात धरून ठेवतात. सूर बाहेर येतच नाही, नुसता चेहरा लाल.

"निकेत, थांब. ही दम घेते रे. सोडत न्हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे आत गेलेलं बाहेर पडत न्हाय. धूर कुठनं जातो हिचा?"

निकेतने त्याच्याकडे बघितलं, मग सायलेन्सरच्या तोंडावर अंगठा धरला. "ओढ." चांगदेवने ओढलं. अंगठ्याला फुंकरसुद्धा लागली नाही. निकेतने मोबाइलचा उजेड आत टाकला आणि हसत सुटला.

"काका, तुझ्या कटरमध्ये भाडेकरू र्‍हायलाय!"

सायलेन्सरच्या तोंडाची जाळी कधीच गळून पडली होती. तिथे सुरेख लिंपलेला मातीचा बोळा होता. गोल, गुळगुळीत, कडेला बोटांनी ओढल्यासारख्या रेघा. कुंभारीण माशीचं घर.

"सोपं काम," निकेत म्हणाला. "स्क्रूड्रायव्हर घालतो, फोडतो, पाच मिनिटांत माड आडवा. म्हंजे आडवाच हाय, तुकडे करू."

"हात लावू नको!"

चांगदेव असा ओरडला की गडग्यावरची मांजर पलीकडे उडी मारून गेली.

"अरे, कुंभारीण हाय ती! बुवा सांगतात न्हाय का? कुंभारीण अळी आणते, घरात कोंडते, वरनं गुणगुणत र्‍हाते. अळी भीतीनं म्हन, ध्यासानं म्हन, तिचंच चिंतन करते. करता करता अळीचीच कुंभारीण होते आणि घर फोडून उडून जाते. भक्ताचा देव होतो तो असा! आणि तू त्याच्यात स्क्रूड्रायव्हर घालतोस? आज? रामनवमीला?"

निकेतने कपाळाला हात लावला. "मग कीर्तन नागावला जाऊ दे?"

हे ऐकून चांगदेव खाली बसला. एका हाताला कीर्तन आणि एका हाताला कीर्तनातला दृष्टांत. दोन्ही त्याचेच.

सोनूबाईने थोडा वेळ नवऱ्याची ही अवस्था बघितली. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "अवो, एक सांगू? ती अळी कुंभारीण-बिंभारीण होत न्हाय."

"काय बोलतेस!"

"मी दरसाल वासे झाडताना पाडते की ती घरं. आत कुंभारणीचं पिल्लू असतं, पांढरं. त्याला खायला म्हनून आई त्या अळ्या भरून ठेवते. आमच्या डब्यात सुकट भरून ठेवतात तशी. पिल्लू खाऊन खाऊन मोठं होतं नि उडतं. अळीचा झाला फराळ."

"इतकी वर्सं बोलली न्हाईस?"

"कशी बोलू? कीर्तनातनं आलात की त्या अळीची गोष्ट सांगताना तुमचे डोळे भरून यायचे. माझ्यानं मोडवंना."

"अरेरे," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

तिघांनी मान वळवली. माडाच्या पलीकडे पांढरी गाडी उभी होती आणि तिला टेकून, उपरणं सावरत, दामोदरबुवा पेणकर. वेळेच्या आधीच आलेले. त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"सोनूबाई," बुवा म्हणाले, "माझा अर्धा संसार त्या अळीवर चालला हो. माझ्या वडलांचाही. आम्ही दोघांनी मिळून एक घर फोडून बघितलं नाही."

चांगदेवने लाजून दोन्ही हात जोडले. "बुवा, बायकांचं बोलणं—"

"गप बसा. बाई खरं बोलतायत. मला दाखवा तरी." निकेतने कटर उचलून माडावर ठेवली. बुवांनी चष्मा वर केला आणि सायलेन्सरमध्ये इतका वेळ बघत राहिले की निकेतला मोबाइल दुसऱ्या हातात घ्यावा लागला. "काय लिंपलंय! आता बोला चांगदेव, काय करायचं? मला परत गाडीत बसायलाही चालेल. नागावकरांचा फोन येऊन गेलाय. पेढे आहेत म्हणाले."

चांगदेवने बुवांकडे बघितलं, कटरकडे बघितलं. अळीचा देव होणार नव्हता, हे आता कळलं होतं. पण तरी त्याचा हात पुढे होईना.

"बुवा, अळी न्हाय तर न्हाय. पण आत कोणाचंतरी पोर हाय ना? आईनं भाकर-तुकडा बांधून, दार लिंपून ठेवलेलं. आपल्या घरी रामाचा जन्म करायचा नि ह्याचं घर फोडायचं..." मग एकदम निकेतकडे वळून, "हा सायलेन्सर असाच्या असा काढता येतो काय रे?"

"दोन बोल्ट." निकेत थबकला. "पण बिनसायलेन्सरची चालवायची म्हंजे, काका, गाव गोळा होईल. आनि आगपन फेकते समोर. समोर कोनी उभं र्‍हायचं न्हाय. दोन काप मारायचे नि बंद."

"दोनच लागतात."

बोल्ट सुटले. सायलेन्सर त्यातल्या बिऱ्हाडासकट सोनूबाईने ओंजळीत घेतला आणि बाळंतिणीच्या खोलीतून आणल्यासारखा जपून पडवीत नेऊन ठेवला. येताना ती देवापुढच्या वातींचा कापूस घेऊन आली, कानात घालायला. दोनच बोळे निघाले. निकेतकडे गाणी ऐकायचे इयरफोन होते. चांगदेवने बोळे हातात घेतले, क्षणभर विचार केला आणि माडावरून पलीकडे बुवांना दिले.

"तुमचे कान सुरात र्‍हायला पायजेत. माझ्या झांजेला काय, ती हातानं वाजते."

आणि दोरी ओढली.

ती काय सुरू झाली! दिवाळीपासून कोंडलेलं सगळं तिने एका दमात बाहेर टाकलं. बागेतले कावळे उठले, कुत्री ओरडायला लागली, देवळातून पुजारी पळीसकट बाहेर आला. एका बाजूचा काप झाला, दुसऱ्या बाजूचा झाला, मधला ओंडका धप्पकन खाली बसला आणि वाडीतल्या पोरांनी तो लोटत लोटत गडग्याला लावला. बुवांची गाडी हॉर्न वाजवत देवळाच्या पायरीशी गेली. चांगदेव नुसता हसत उभा राहिला, कारण लोक त्याला काय म्हणतायत ते त्याला ऐकूच येत नव्हतं.

माध्यान्हीच्या आधी बुवा उभे राहिले, नमन झालं, पद सुरू झालं आणि चांगदेवच्या कानात सगळीकडून एकच सुं चाललेली. बुवांचे ओठ हलतायत, हात वर जातोय, लोक मान डोलावतायत, आणि ह्याला अक्षर ऐकू येत नाही. झांज एकदा भलत्याच ठिकाणी वाजली तेव्हा पेटीवाल्याने डोळे मोठे केले. चांगदेवने झांज दुसऱ्याच्या हातात दिली आणि बायकांच्या कडेला, सोनूबाईच्या शेजारी येऊन बसला.

"काय म्हनतात?" तो कुजबुजला. म्हणजे त्याला वाटलं कुजबुजला. पुढच्या दोन रांगांनी वळून बघितलं.

सोनूबाई कीर्तनाला यायची ती प्रसादाच्या वेळेला. आधी आली तर खांबाला टेकून डुलकी काढायची. आता तिचा इलाज नव्हता. ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगू लागली. "कौसल्या बसलीय... दशरथ फेऱ्या मारतोय... दाई बाहेर येत न्हाय..." मग थोडं जास्त. "बुवा म्हनतात, आई लेकरासाठी घर करते तवा कोनाच्या वाटेत करते, हे बघत न्हाय. आनि आपल्याकडं बघून हसले."

"मग?"

"मग दाई दार उघडते..."

आणि ती थांबली.

चांगदेवने कोपराने हळूच ढोसलं. "पुढं काय?"

सोनूबाई पुढे सरकून बसली होती. हनुवटीखाली हात, नजर बुवांवर. तिने मान न वळवता त्याच्या मांडीवर थाप मारली.

"गप बसा जरा. ऐकू द्या की."

चांगदेवला तेही ऐकू आलं नाही. पण तिचा चेहरा त्याने बघितला, आणि बाकीचं कीर्तन तो तिच्याकडेच बघत बसला.