साडेअकरा फेरे

मी पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी बोलतेय. चावी म्हटल्यावर कुलपाची डोळ्यांसमोर आणू नका हं! माणसाच्या छातीएवढी उंच, डोक्यावर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या झाकणाखाली मला घालून फिरवलं की गल्लीला पाणी सुटतं.

पालिकेच्याच वर्कशॉपात एका लोहाराने मला घडवलं आणि चावीवाल्या काकांच्या हाती दिलं. बावीस वर्षं आम्ही जोडीने हिंडलो. काका झाकण उचलायचे, तोवर मी कुणाच्या तरी दाराला टेकलेली. कुणाकडे अबोला, कुणाची लेक रुसून आलेली, सगळं माझ्या कानावर. नसत्या चौकशा करू नयेत म्हणतात. पण दारालाच टेकवल्यावर मी करू तरी काय?

आमच्या गल्लीची पाइपलाइन जुनी. साडेअकरा फेरे, तेही हळूहळू. मग पाणी चढलं की अर्धा फेरा मागे. नाहीतर दाब वाढून रस्ता फुटतो. हे कुठल्या कागदावर नव्हतं, काकांच्या हातात होतं.

शिवणकाम करणाऱ्या ताई खिडकीतून ओरडायच्या, "अहो काका, करंगळीएवढीच धार आहे!"

"थांबा ताई, लाइन जुनी आहे, सासूबाईंसारखी. कलानं घ्यावं लागतं."

मग ज्यांना सगळे साहेब म्हणतात, ते पुढारी शहराचे प्रमुख झाले. काटकसर म्हणून त्यांनी एका फटक्यात तीनशे दहा माणसं घरी बसवली. काकाही त्यातच. मला जमा करताना ते कारकुनाला म्हणाले, "साडेअकरा फेरे, अर्धा मागे. लिहून घेता का?"

"काका, फॉर्मात तसा रकानाच नाही."

काम ठेकेदाराकडे गेलं. वाचलेला पगार त्याच्याच बिलात जिरला, असं तोच कारकून नंतर चहा पिताना कुजबुजला. तीनशे दहा घरांतला पगार थांबला, तसे ताईंकडे येणारे कपडेही थांबले. किराणावाल्याने मालाची एक फळी कमी केली. आणि ठेकेदाराच्या माणसाने मला बरणीच्या झाकणासारखं गरागरा फिरवलं. लाइन दोनदा फुटली. दुसऱ्यांदा तर दुरुस्ती होऊनही व्हॉल्व्हला हात लावायला कुणी धजेना. गल्ली आठ दिवस कोरडी.

नेमके तेव्हाच साहेब मोठ्या निवडणुकीला उभे राहिले आणि त्यांची सभा आमच्या गल्लीत ठरली. सभेच्या सकाळी त्यांचा कार्यकर्ता मला गाडीत घालून काकांच्या दारात हजर.

"काका, आजचा दिवस सांभाळून घ्या. साहेब तुमचं नक्की बघतील."

काकू आतूनच म्हणाल्या, "कामावरून काढताना कुणी दार वाजवलं होतं का? जाऊ नका."

"अगं, आठ दिवस लोकांना पाणी नाही. आणि काम डोळ्यांनी बघितलं, तर परत घेतीलही." काकांनी धुतलेला शर्ट चढवला. त्यांची आशा मला दांड्यावरच्या घामात कळली.

बरोबर बाराला साहेब माइकसमोर आले. इकडे काकांनी मला फिरवलं. नऊ, दहा, साडेअकरा फेरे. घरोघरी नळ खळखळले, बायका हसायला लागल्या. साहेबांनी हात उंचावला.

"तीनशे दहा माणसं कमी केली तेव्हा लोक म्हणाले, शहर तहानेनं मरेल. ऐका! माणसं नाहीत, तरी नळाला पाणी आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काका दहा पावलांवर, झाकणापाशी ओणवे.

ताई ओरडल्या, "अहो साहेब, मग हे कोण आहेत?" पण माइकपुढे त्यांचा आवाज तो किती!

"राहू द्या ताई," काका म्हणाले. "अर्धा फेरा राहिलाय." त्यांनी तो मागे घेतला, झाकण बसवलं आणि मला भिंतीला टेकवून घरी गेले. कार्यकर्ता पुन्हा फिरकला नाही.

आता मी ठेकेदाराच्या गोदामात गंजतेय. वाटतं, त्या दिवशी मी अडले असते तर? लोखंडाला अडायला कारण लागत नाही. पण मग ताईंची घागर रिकामी राहिली असती, आणि काकांनी मला तसं वळण लावलं नव्हतं.

रविवारी मतदान आहे. मत कुणाला द्यावं, हे चावीने सांगू नये. पण साहेब हात जोडून तुमच्या दारात आले, तर माझ्यासाठी त्यांना एवढंच विचारा, "साहेब, किती फेरे?"