एका हाताची थरथर

आषाढातल्या उघडिपीत चिखलणी झालेल्या खाचरातलं पाणी निवळतं, माथेरानचा डोंगर त्यात उलटा उतरतो, आणि बांधावर उकिडवे बसलेले आप्पा मला दिसू लागतात. आप्पा, माझे वडील, कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवत. लाटांचा धडा मात्र फळ्यावर नाही. लावणीआधीच्या दोन-चार दिवसांत ते अख्खा वर्ग भिवपुरीच्या आमच्या बांधावर आणत. दोन हातांतल्या दोन काठ्या एकाच लयीत पाण्याला टेकवत, आणि दोन वर्तुळमालिका एकमेकींत शिरून, जिथे लाटा एकमेकींना खोडत तिथे, निश्चल पाण्याच्या रेघा पंख्यासारख्या उलगडत. मास्तर भात सोडून रेघाच लावतोय, असं शेजारचे शेतकरी हसून म्हणत. निवृत्तीनंतरही शाळा त्यांना या एका दिवसासाठी बोलवी.

मग उजव्या हाताला कंप सुरू झाला. चारचौघांत चहा घेणं त्यांनी सोडलं, लग्नकार्यांना जाणं सोडलं. आता बांधही सुटणार, या धास्तीने आईला अन्न गोड लागेना. मुलं यायच्या आदल्या सकाळी ते मला घेऊन खाचरावर गेले. डावा हात एका तालात, उजवा भलत्याच. पाण्यावर नुसता गलबला. एक काठी मी घेतली, पण दोन माणसांचे हात, माणसं कितीही जिवाभावाची असोत, क्षणभर जुळतात आणि सुटतात. रेघ धरता धरता पुसली जाई. शाळेला नको म्हणून कळव, असं ते पाण्याकडे बघत म्हणाले.

उठता उठता, का कोण जाणे, त्यांनी निर्गुडीची दोन फाटे फुटलेली डहाळी मोडली आणि तिची दोन्ही टोकं पाण्याला लावली. हात कापत होता, टोकंही कापत होती, पण बरोबरीनं. रेघा उमटल्या; थोड्या डुलल्या, पुसल्या मात्र नाहीत.

"थरथर दोन्ही टोकांची एकच हाय गं," आप्पा म्हणाले. "मग काय बिघडत नाय. येऊ दे उद्या पोरांना."

दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गासमोर त्यांनी तो हात लपवला नाही.

आता आप्पा नाहीत, आणि शाळेचा वर्ग बांधावर मी आणते. काळ सगळं निववतो म्हणतात. माझा हात अजून स्थिर आहे. पाण्यावर रेघा नितळ, निष्कंप उमटतात, आणि ज्या वर्षी त्या जास्तच नीट येतात, त्या वर्षी आप्पांचं नसणं जास्त लागतं.