खडूनं आखलेला डेक

धाकटी मुलगी नवऱ्याचं घर सोडून दोन पिशव्या घेऊन परत आली, त्या वर्षाची ही गोष्ट. आठ दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. नवव्या दिवशी पहाटे उठली आणि बापाच्या मागोमाग जाऊन होडीत बसली. बापानं काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. तेव्हापासून होडीवर दोघंच, सुकाणूवर तो आणि जाळ्यावर ती. वर्ष सरता सरता डेकच्या फळ्या कुजल्या आणि होडी सुताराच्या शेडबाहेर लाकडी ठोकळ्यांवर चढली.

बंदरावर सगळे म्हाताऱ्याला घोरपड म्हणत. होडी लाटेनं आडवी झाली तरी याचे पाय फळीवरून सुटत नाहीत, म्हणून. हे नाव ऐकलं की तोही खूश व्हायचा. पण गेल्या दोन वर्षांत या घोरपडीच्या पायांतला जीवच गेला होता. पाय चालत होते, उभे राहत होते, फक्त त्यांना काही कळत नव्हतं. रक्तातली साखर वाढली की असं होतं, हे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं. घरी मात्र त्यानं तोंडातून ब्र काढला नव्हता. काढला असता तर बायकोनं त्याच दिवशी त्याची समुद्रावरची फेरी बंद केली असती. डेकची फळी न फळी त्याला पाठ होती. कुठली दबते, कुठे खिळा वर आलाय, कुठे पाणी साचतं, सगळं. त्या पाठांतरावर तो निभावून नेत होता. म्हणून डेक बदलायचा म्हटल्यावर त्याला नवं काहीच नको होतं.

"होतं तसंच लाकूड टाक," तो सुताराला म्हणाला. "तेल पाजलेलं, उघडं. माझ्या बापाच्या होडीला तेच होतं."

सुतार त्याच्याच वयाचा. शाळेच्या एकाच बाकावरून दोघं पळाले होते. "तुझ्या बापाच्या होडीला इंजिनही नव्हतं," तो म्हणाला. "तेही काढून ठेवू का?"

धाकटी हसली. "बाबा, मागच्या महिन्यात मी दोनदा आपटले. उघड्या लाकडावर माशांचा बुळबुळीतपणा बसला की साबणावर उभं राहिल्यासारखं होतं."

"पहिली दोन वर्षं सगळेच आपटतात."

"आणि तिसऱ्या वर्षी?"

"तिसऱ्या वर्षापासून सांगत नाहीत," सुतार म्हणाला.



सुताराची एक पद्धत होती. डेक निवडायला आलेल्याला तो डोळे बांधून फळ्यांवर उभं करायचा. म्हणायचा, समुद्रात हात जाळ्यात असतात, डोळे पाण्यावर असतात, खाली कोण बघतंय, तेव्हा पायालाच विचारा. त्यानं तीन फळ्या एका टोकाखाली वीट सारून तिरक्या मांडल्या. डावीकडे उघडं लाकूड, मधे दाणेदार रबर चिकटवलेली फळी, उजवीकडे ओल्या रंगावर वाळू पेरून वाळवलेली. मग मासे धुतलेल्या पाण्याची बादली तिन्हींवर ओतली.

आधी धाकटी. डोळ्यांवर फडकं बांधून ती अनवाणी चढली. "हे लाकूड. हे बघा, सरकले. हे रबर, मऊ आहे, पण खाली पाणी धरेल आणि लाकूड कुजवेल. आणि ही वाळू." वाळूवर ती टाचा उचलून उभी राहिली, एका पायावर झाली. "इथे मला कोणी ढकललं तरी हलणार नाही."

"ढकलू?" सुतार म्हणाला.

"हात लावून तर बघा, काका."

म्हाताऱ्याची पाळी आली. फळ्यांचा क्रम त्यानं नीट बघून ठेवला होता. डावं लाकूड, मधे रबर, उजवी वाळू. धाकटीनंच त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. तेवढ्यात शेजारच्या शेडमध्ये यंत्राची करवत सुरू झाली आणि काही ऐकू येईना. करवत थांबेपर्यंत तो तसाच भिंतीला धरून उभा राहिला. मग तिनं त्याचा कोपर धरून त्याला पुढे नेलं.

"हे लाकूड," तो म्हणाला. पुढे सरकला. "हे रबर. मऊ लागतंय." आणखी एक पाऊल. "ही तुझी वाळू. टोचते. नको मला."

"बरोबर," धाकटी म्हणाली. "तिन्ही बरोबर."

सुतार काहीच बोलला नाही. जेवतानासुद्धा ज्याचं तोंड बोलायचं थांबत नाही तो माणूस गप्प बसला, तेव्हा म्हाताऱ्यानं फडकं काढलं. खाली बघितलं. त्याचे दोन्ही पाय रबरावर होते. वाळूची फळी मधे होती.

"तू बदलल्यास," तो म्हणाला.

"हो."

"आणि बरोबर म्हणालीस."

तिनं मान खाली घातली. "मला वाटलं होतं खरं काय ते सांगेन. तुम्ही टोचते म्हणालात आणि मला बोलवेना."

"कधीपासून रे?" सुतारानं हळूच विचारलं.

"दोन वर्षं."

"परवा तुमच्या टाचेत गळ रुतला होता, बाबा," धाकटी म्हणाली. "त्याच्यावर तुम्ही घरापर्यंत चालत आलात. दुपारी तुम्ही जेवून झोपलात तेव्हा मी तो काढला. तुम्ही कूससुद्धा बदलली नाहीत."

"आईला सांगितलंस?"

"आधी खात्री करायची होती."

म्हातारा फळीवरून उतरून स्टुलावर बसला. रागवायचं त्याच्या मनात होतं, पण रागाला धरायला जागा सापडेना. त्याला एकच चित्र दिसत होतं. आपण पाण्यात पडलोय आणि ही पोर मागचापुढचा विचार न करता मागून उडी मारतेय. होडीवर मग कोणीच नाही. दोन वर्षांत त्यानं स्वतःच्या पडण्याचा विचार हजारदा केला होता. तिच्या उडीचा एकदाही केला नव्हता.

"वाळू घाल," तो सुताराला म्हणाला. "पण सगळीकडे नको. खडू दे."

बाहेर येऊन तो होडीवर चढला. कुजलेल्या काढून सुतारानं कोऱ्या फळ्या आधीच बसवून ठेवल्या होत्या, वरचा थर तेवढा राहिला होता. तो गुडघ्यांवर बसला आणि आखू लागला. ही कड गुळगुळीत ठेव, इथून जाळं आत येतं, वाळूत अडकून फाटेल. मधे एवढा चौकोन गुळगुळीत, इथे मासे निवडताना गुडघे टेकतात, सोलून निघतील. इंजिनाच्या झाकणाभोवती मात्र दाट घाल, तिथे तेल सांडतं. चाळीस वर्षांत पाय कुठे कुठे पडले ते आठवायला त्याच्या हाताला एकदाही थांबावं लागलं नाही. सुतार मागे उभा राहून नुसता "हं, हं" करत होता.

सुकाणूपाशी येऊन तो थांबला. "ये, उभी राहा इथे," तो धाकटीला म्हणाला.

"इथे तुम्ही उभे राहता."

"राहायचो. पाय जरा फाकव. अजून. एवढ्याशा अंतरावर पहिली लाटच तुला खाली बसवेल."

तिनं पाय फाकवले. त्यानं तिच्या दोन्ही पावलांभोवती खडू फिरवला.

"आणि जाळ्यावर कोण?" तिनं विचारलं.

"तुझ्या मावशीचा थोरला रिकामा हिंडतो. त्याला घे. तोंडानं फटकळ आहे, पण हात चांगला आहे."

"आणि तुझ्यासाठी काय करू?" सुतार म्हणाला.

"बंदराच्या काठावर बाकडं कर. पाठ टेकायला फळी लाव म्हणजे झालं."

वाळू म्हाताऱ्यानं स्वतः धुतली. समुद्राची वाळू चालत नाही, मिठानं रंग फुगून सुटतो. नदीची आणली, तरी त्यानं ती गोड्या पाण्यात तीनदा धुतली आणि दर वेळी चिमूटभर जिभेवर ठेवून बघितली. जीभ अजून शाबूत होती. रंग ओला असताना वाळू एकसारखी पडावी म्हणून धाकटीनं घरातली पिठाची चाळण आणली. आईनं सगळं ऐकून घेतलं, पायांचंही. नवऱ्याशी ती दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलली ते चाळणीबद्दल.

त्या डेकवर धाकटी एकदाही आपटली नाही. सुकाणूजवळची वाळू आधी झिजली आणि दोन वर्षांनी तिनं तेवढ्या जागेला नवा रंग दिला. त्याच्या पुढच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, काठावरच्या बाकड्यावर जाळं सांधताना म्हातारा वारला. होडी तेव्हा समुद्रात होती. धाकटीला दुपारी परतल्यावर कळलं.