पहिला हात तांबडा

आईच्या डोळ्यावरची पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होती आणि माझ्या धाकट्या बहिणीचे केस अद्याप पिवळे होते.

मोतीबिंदूमुळे आईची दृष्टी मंदावत गेली, त्या काळात बहिणीने केसांचा मूळ काळा रंग उतरवून घेतला होता. आईला तिच्या जागी केवळ एक धूसर आकृती दिसे. एकदा तिने विचारलेही, "डोक्याला काय गुंडाळलंयस गं?" बहीण म्हणाली, "रुमाल." विषय तेथेच मिटला. परंतु शस्त्रक्रियेस जाण्यापूर्वी आईने तिचा हात धरून सांगितले, "नीट दिसायला लागलं की आधी तुझी वेणी बघणार." बहीण नोकरीस लागेपर्यंत ती वेणी आईच घालत असे. रुग्णालयातून परतून घरात शिरताच बहीण म्हणाली, "दादा, आजच्या आज काळे कर."

माझा व्यवसाय लाकडी सामानाला पॉलिश करण्याचा असल्यामुळे हे काम माझ्याकडे येणे क्रमप्राप्त होते.

"जमेल ना रे?"

"सागाचं शिसवी करतो मी. तुझ्या चार केसांचं काय घेऊन बसलीस!"

न्हाणीघरात स्टुलावर तिला बसवून मी तिच्या खांद्यांवर जुनी चादर टाकली. मुळाशी बोटभर काळे केस उगवलेले होते. उजेडात ते गडद तपकिरीच दिसत, म्हणून त्यांच्याशी ताडून त्याच रंगाची डबी आणलेली होती. मी हातमोजे चढवले आणि कामावरच्या नव्या ब्रशाने, बटेमागून बट घेऊन, रंग लावला. एकही बट सुटली नाही, हे येथे नमूद करतो.

केस धुतल्यावर तिने आरशात पाहिले. पिवळेपणा गेलेला होता, परंतु त्याच्या जागी राखाडी व हिरवट असे काहीतरी आलेले होते.

"दादा, हे शेवाळ आहे."

"ओले आहेत म्हणून. वाळले की उतरेल."

केस वाळले, तेव्हा ते अधिकच हिरवे दिसू लागले.

"तळ्यातून वर काढल्यासारखी दिसतेय मी! ही वेणी बघून आईचे टाके उसवतील."

तिने टॉवेल गुडघ्यावर घेतला आणि रागाने विचारले, "गिऱ्हाइकाचं कपाट असतं, तर असंच केलं असतंस?"

"छे! फिकट लाकडावर थेट गडद रंग कोण देतो? मेल्यासारखं दिसतं ते. आधी तांबडा हात द्यायचा, त्याच्यावर मग..."

माझे वाक्य अपुरे राहिले.

"मग मला का नाही दिलास तांबडा हात?"

"तू कपाट नाहीस म्हणून."

"एवढीच अक्कल कपाटाला दाखवतोस, बहिणीला नाही!"

मी पुन्हा दुकानात जाऊन तांब्याच्या छटेचा रंग आणला. तोवर तिने केस पुनःपुन्हा धुऊन हिरवटपणा बराचसा उतरवला होता. तांबडा रंग बसल्यावर तिचे डोके गाजरासारखे दिसू लागले. ती आरशाकडे पाठ करून बसली. त्यावर मी गडद तपकिरी दिला आणि या खेपेस एक बट पुसून, वाळवून, खिडकीतील उजेडात मुळांशी लावून पाहिली. जोड ओळखू येत नव्हता. बहिणीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मला चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी परिचारिकेने पट्टी सोडली. आईने डोळ्यांची उघडझाप केली, भिंतीकडे पाहिले, माझ्याकडे ओझरते पाहिले आणि बहिणीची वेणी हातात घेतली.

"अगदी तश्शीच आहे गं बाई!" ती म्हणाली. "ती समोरच्या घरातली मला सांगत होती, तुझ्या लेकीनं डोकं पिवळं करून घेतलंय म्हणून. अशी फाडफाड बोलले तिला! म्हटलं, माझी पोरगी माझ्यापासून काही लपवायची नाही. त्या दिवसापासून बोलणंच टाकलंय मी तिच्याशी."

बहिणीचा चेहरा उतरला. ती काय करणार हे माझ्या ध्यानात आले, म्हणून मी पायाने तिचा पाय दाबला. तिने तो सोडवून घेतला.

"आई, समोरच्या काकू खरं बोलत होत्या."

"म्हणजे?"

"पिवळे होते. काल दादानं रंगवले. तुला कळू नये म्हणून."

आईने वेणी सोडली नव्हती. ती तिने उजेडाकडे वळवून शेंड्यापर्यंत पाहिली.

"काम चांगलं केलंयस," ती मला म्हणाली, एखाद्या कारागिरास सांगावे तसे. नंतर बहिणीकडे वळून, "आणि मी त्या बाईला खोटारडी म्हटलं. चारचौघांत."

"चुकलं माझं."

"मला सांगून काय उपयोग?"

परतताना आईने माझा दंड धरला होता. बहीण औषधांची पिशवी घेऊन मागून येत होती. जिना चढून आम्ही आमच्या दारापाशी आलो, मी किल्ली काढली, परंतु आई वळून समोरच्या दारापुढे उभी राहिली.

"आई, आधी जरा पड तरी," मी म्हणालो.

"पडेन नंतर. ये गं इकडे."

बहिणीने पिशवी माझ्याकडे दिली. ती आईच्या पुढे जाऊन उभी राहिली. आईने तिची पुढे आलेली वेणी उचलून पाठीवर टाकली आणि म्हणाली, "दाब बेल."

तिने बेल दाबली. आतून सपाता ओढत कोणीतरी येऊ लागले.